स्विंगच्या काळातला ड्रेस: अस्सल कसा ओळखायचा आणि नाचायला काय शिवायचं

तुमच्या पत्रातले प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि तुमचे यजमान लंडनजवळ राहता, लिंडी हॉप, म्हणजे स्विंग या जॅझच्या प्रकारावर जोडीने करायचा नाच, शिकताय आणि वसंतात एका मोठ्या नृत्यमेळाव्याला जाणार आहात. त्यासाठी जुन्या कपड्यांच्या बाजारातून तुम्ही निळ्या क्रेपचा एक ड्रेस घेतलाय. विकणारीने त्यावर ‘१९४१चा अस्सल स्विंग ड्रेस’ अशी चिठ्ठी लावली होती. दुसरा ऑनलाइन मागवलाय: पोलका डॉटचा, मानेमागे बांधायचा, खाली फुगीर पेटीकोट. यजमानांना झूट सूट, म्हणजे अवाढव्य खांद्यांचा ढगळ सूट, हवाय. आणि डिसेंबरात पुण्याला येणार आहात, तर इथल्या टेलरकडून काही शिवून घेता येईल का, हा शेवटचा प्रश्न. मी शिवणकामातून नाटक-सिनेमाच्या वेशभूषेत आले. जुने कपडे दुरुस्त करायचे आणि त्यांच्यावरून नवे बेतायचे, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर कात्री-सुईच्या बाजूने येईल.

पोलका डॉटचा निकाल आधी लावून टाकू. तो स्विंगच्या काळातला नाही आणि त्या काळाची नक्कलही नाही. हल्ली दुकानांत ‘स्विंग ड्रेस’ म्हणून जे काही विकतात त्याचा अर्थ एवढाच, की खाली घेर मोठा आहे. खरा स्विंगचा बहर धरायचा तर २१ ऑगस्ट १९३५पासून. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडने तरुण गर्दीला वेड लावलं. आणि १९४६ संपता संपता गुडमनसकट अनेक मोठे बँड मोडीत निघाले होते. तुमच्या ड्रेसला जो आकार आहे, म्हणजे आवळलेली कंबर, मऊ खांदे आणि खाली वारेमाप कापड, त्याचा उगम १२ फेब्रुवारी १९४७चा. त्या दिवशी पॅरिसमध्ये फॅशनकार क्रिस्तियान दिओरने आपला पहिला संग्रह दाखवला आणि ‘हार्पर्स बझार’ मासिकाच्या संपादक कारमेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं. फुगीर पेटीकोट सर्रास झाला तो पन्नाशीच्या दशकात, रॉक अँड रोलच्या वेळी. ठिपक्यांचा यात काही दोष नाही, ठिपके चाळीसच्या दशकातही होते. तो ड्रेस आवडत असेल तर खुशाल घाला, फक्त १९४० म्हणून घालू नका.

आता मुद्द्यावर येते. या काळाचे कपडे चित्रांवरून, छापावरून किंवा केसांच्या वळणावरून समजत नाहीत. ते कापडावरून समजतात: कापड किती मिळत होतं, कसलं मिळत होतं, आणि त्यात माणसाला हातपाय किती हलवायचे होते. म्हणून जुना कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. बाहेरून काय दिसतं ते नंतर.

हालचालीचं आधी सांगते, कारण तुम्हाला नाचायचं आहे. लिंडी हॉप घडला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. तिथलं सव्हॉय बॉलरूम १९२६मध्ये उघडलं, लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४० आणि १४१व्या रस्त्यांच्या मध्ये, त्या दोन रस्त्यांमधली जवळजवळ सगळी जागा व्यापून. काळे आणि गोरे दोघेही एकाच फरशीवर नाचू शकतील अशा त्या वेळच्या मोजक्या जागांपैकी ही एक. १९३५च्या सुमाराला तिथल्या फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने जोडीदारणीला पाठीवरून उलटं फेकायचा पहिला प्रकार करून दाखवला आणि पुढे हे हवेतले प्रकार सर्वतोमुखी झाले. तिथे येणारी मंडळी बहुतेक कामकरी होती. ती शनिवारी रात्री आपल्याकडे जे सगळ्यात चांगलं असेल ते घालून यायची: मुली रोजचा चांगला ड्रेस किंवा ब्लाउज-स्कर्ट, पुरुष कोट-टाय. ‘नाचाचा पोशाख’ असा वेगळा नव्हता. या नाचाचं सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं चित्रण ‘हेल्झापॉपिन’ या १९४१च्या सिनेमातलं आहे, आणि त्यात हार्लेमचे हे नर्तक स्वयंपाकी, मोलकरणी, कामगार अशा वेशात आहेत. ती फॅशन नव्हती. हॉलिवूडमध्ये काळ्या कलाकारांना पडद्यावर यायचं तर बहुधा नोकरचाकरांच्याच वेशात यावं लागे. ते कपडे पाहून ‘तेव्हा असंच घालायचे’ म्हणणं चुकीचं आहे, आणि थोडं क्रूरही.

पण मग साध्या ड्रेसमध्ये एवढ्या उड्या कशा मारता यायच्या? याचं उत्तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलात आहे.

जुन्या ड्रेसच्या किंवा कोटाच्या काखेत बोट घालून बघा. मुंढा अगदी वर, काखेला लागून असतो, जवळजवळ टोचेल असा. आजच्या तयार कपड्यांत तो दोन-अडीच इंच खाली उतरलेला असतो, कारण एकच माप शंभर वेगवेगळ्या अंगांना बसवायचं असतं. गंमत अशी की मोकळा, खाली उतरलेला मुंढा हालचालीला अडसर करतो. हात वर केला की बाही कोटाला किंवा ड्रेसच्या कमरेला धरून वर ओढते, आणि सगळा कपडा अंगावर चढतो. मुंढा वर असला की हात खांद्यातून फिरतो आणि बाकीचा कपडा जागेवर राहतो. आरशासमोर उभं राहून आजचा कोट घालून दोन्ही हात डोक्यावर न्या, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. शिवाय बऱ्याच ड्रेसांच्या काखेत चौकोनी तुकडा जोडलेला सापडतो, आपल्या जुन्या पैरणीच्या चौबगल्यासारखा. पाठीवर खांद्याखाली चुण्या असतात, त्या हात पुढे नेला की उघडतात. स्कर्ट चार, सहा किंवा आठ कळ्यांचा: नितंबांवर अंगाबरोबर, गुडघ्याजवळ येईपर्यंत पायाला जागा देणारा. गिरकी घेतली की तो उघडतो आणि थांबलं की लगेच खाली पडतो. पेटीकोटवर बसवलेला घेर असा पडत नाही, तो नाचणाऱ्याच्या मागून येत राहतो. कळ्यांच्या स्कर्टमध्ये पायाचं काम नीट दिसतं, आणि लिंडी हॉपमध्ये बघायचं तर तेच असतं.

तिशीच्या दशकात आकार लांब आणि सडपातळ होता. पॅरिसच्या फॅशनकार मादलेन व्हियोने यांनी उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचं जे काम केलं होतं त्याचा प्रभाव साध्या ड्रेसवरही दिसतो. कापड उरेब कापलं की ते अंगावर ओघळतं, आणि दमदार नाचात फाटायच्या आधी ताणतं. खांदे रुंद व्हायला लागले ते याच दशकात. हॉलिवूडचे वेशभूषाकार एड्रियन यांनी जोन क्रॉफर्डला दिलेले खांदे मुलींनी उचलून धरले. मग युद्ध आलं आणि कापडाचा हिशेब सरकारच्या हातात गेला.

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढाला ६६ कूपनं. त्यातून लोकरीच्या ड्रेसला ११ जायची, आणि पुरुषाच्या अस्तर लावलेल्या पूर्ण सुटाला, म्हणजे कोट, वेस्टकोट आणि पँट मिळून, २६. पैसे असून भागत नसे, कूपनं लागत. आणि १९४२पासून कपडा कसा शिवायचा यावरही हुकूम निघाले. ड्रेसला पाचपेक्षा जास्त बटणं नकोत, दोनपेक्षा जास्त खिसे नकोत, स्कर्टला सहापेक्षा जास्त जोड नकोत, चुण्याही मोजून. निव्वळ शोभेसाठी काही लावायचं नाही. पुरुषांच्या पँटच्या खालच्या दुमडीवर बंदी आली आणि ती लोकांना सगळ्यात जास्त झोंबली. कित्येक जण मुद्दाम लांब पँट विकत घ्यायचे आणि घरी दुमडून शिवायचे. अमेरिकेतही एप्रिल १९४२मध्ये एल-८५ नावाचा हुकूम आला: काठाची दुमड दोन इंचांपेक्षा जास्त नको, स्कर्टच्या घेराला मर्यादा, बाहीला कफ नको. त्यामागचा विचार हुशारीचा होता. आकार जिथल्या तिथे गोठवला की कपाटातले जुने कपडे जुने वाटत नाहीत, आणि नवे घ्यायची घाई होत नाही. चाळीसच्या दशकातला तो चौकोनी खांदा, अरुंद स्कर्ट आणि गुडघ्याखाली जेमतेम टेकणारी उंची पाच-सहा वर्षं हलली नाही, त्याचं कारण हे.

आता तुमचा निळा ड्रेस. फोटो नीट काढलेत, विशेषतः आतले, म्हणून बोलता येतंय. चिठ्ठी लिहिणारीला १९४१ हे साल कुठून सापडलं ते उघड आहे. मानेमागच्या लेबलावर दोन चीजच्या गोल चकत्यांसारखे ‘सी’ आणि पुढे ४१ छापलंय. ही युटिलिटी योजनेची खूण, रेजिनाल्ड शिप यांनी काढलेली. ती सरकारने ठरवून दिलेल्या कापडाच्या, ठरलेल्या किमतीच्या कपड्यांवर असे. पण ४१ म्हणजे योजनेचं साल, ड्रेसचं नव्हे. ही योजना १९५२पर्यंत चालली आणि तोवर लेबल तेच राहिलं. त्यामुळे सीसी४१ दिसलं की मी मनात म्हणते, दहा-अकरा वर्षांची खिडकी मिळाली, आता आत बघू.

आत काय आहे? समोर वरपासून कमरेपर्यंत आठ बटणं आहेत, आणि स्कर्टच्या कळ्याही आठ. पाच बटणं आणि सहा जोड हा नियम लागू असताना कारखान्याने असा ड्रेस शिवला नसता. खांद्यात पॅड आहे, पण पातळ आणि गोलसर. उंची तुमच्या पोटरीच्या मध्यापर्यंत येते. तुमची उंची धरूनही ती युद्धकाळातल्या ड्रेसपेक्षा चांगली चार बोटं जास्त आहे. बंद डाव्या कुशीला, धातूच्या झिपचा. शिवणीच्या कडा नागमोडी कात्रीने कापलेल्या, ओव्हरलॉक, म्हणजे यंत्राने दोऱ्यात गुंफलेल्या, नाहीत. कापड रेयॉन क्रेप. या सगळ्याचा मेळ घातला तर तो १९४८ ते १९५१च्या दरम्यानचा ब्रिटिश ड्रेस आहे. अस्सल आहे, चांगल्या स्थितीत आहे, पण निर्बंध उठल्यावरचा. दिओरच्या लांबीचं वारं साध्या दुकानांपर्यंत पोचल्यावरचा. किंमत तुम्ही जास्त दिलीत असं मला वाटत नाही.

ओळखायच्या खुणांबद्दल इथेच चार शब्द लिहिते. नुसत्या झिपवरून साल काढणारे लोक फार आहेत, आणि झिप हा बदलला जाणारा भाग आहे. धातूचा झिप आजही मिळतो. उलट युद्धात धातू मिळत नसे, म्हणून त्या वर्षांतल्या बऱ्याच ड्रेसना कुशीला टिचबटणं किंवा हुक आहेत. झिप बदललाय का हे बघायचं तर पट्टीच्या कडेने सुईची जुनी, रिकामी भोकं शोधा. नायलॉनचा झिप असेल तर तो भाग साठीच्या दशकातला किंवा नंतरचा. धुण्याच्या सूचनांची चिन्हं छापलेलं लेबल असेल तर कपडा चाळीसच्या दशकातला नाही. अमेरिकन ड्रेस असेल तर शिवणीत महिला शिवणकामगारांच्या संघटनेचं, म्हणजे आयएलजीडब्ल्यूयूचं, छोटं लेबल शोधा. ते दर काही वर्षांनी बदललं, त्यामुळे साल बरंच अचूक लागतं. लाल-पांढरं-निळं असेल तर सत्तरीतलं किंवा पुढचं. शिवून घेतलेल्या पुरुषी सुटाच्या बाबतीत तर नशीब उघडतं: कोटाच्या आतल्या खिशात टेलरचं लेबल असतं आणि त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख शाईने लिहिलेली असते. सुटाचं वय विचारायला दुसरीकडे जायलाच नको.

कापडाचीही परीक्षा घ्या. शिवणीच्या आतल्या मार्जिनमधून दोन धागे ओढून चिमट्यात धरा आणि सांभाळून पेटवा. रेयॉन कागदासारखा जळतो आणि राख बोटात विरते. लोकर केसासारखी वास मारते. वितळून कडक काळा मणी झाला तर ते बहुधा पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टरचं कापड पन्नाशीच्या दशकाआधी दुकानात नव्हतं. मग ड्रेसवर कितीही मोठा खांदा असो.

खांद्यावरून सगळ्यात मोठा सापळा आठवला. सत्तरीच्या दशकात चाळीसच्या दशकाची मोठी लाट आली होती. जानेवारी १९७१मध्ये पॅरिसला फॅशनकार ईव्ह सें लोराँनी युद्धकाळातल्या पोशाखांवरून अख्खा संग्रह काढला आणि त्यावर गदारोळ झाला. लंडनमध्ये बिबा या दुकानाने आणि ओसी क्लार्क या फॅशनकाराने क्रेपचे ड्रेस काढले: चौकोनी खांदे, फुगीर बाहीचा माथा, छोटी फुलं. आज तेही जुने झालेत, कापड मऊ पडलंय, आणि विकणारे त्यांना बिनदिक्कत ‘चाळीसचे’ म्हणतात. ओळखायचं कसं? मागे मधोमध लांब झिप, मुंढा खाली, शिवणींना ओव्हरलॉक आणि धुण्याचं लेबल. यातल्या एकाच खुणेवर जाऊ नका. ओव्हरलॉकची यंत्रं एकोणिसाव्या शतकापासून होती. पण मागावर विणलेल्या कापडाच्या साध्या ड्रेसवर ती शिवण इतकी सर्रास दिसत नसे. तीन-चार खुणा एका दिशेला बोट दाखवत असतील तरच निकाल द्यायचा. आणि बिबाचा अस्सल ड्रेस हाती लागला तर तोही ठेवा, त्याचे वेगळे शौकीन आहेत.

तर मग निळा ड्रेस घालून नाचायचं का? माझं स्पष्ट मत: नाही. संध्याकाळी जेवायला, फोटोला, संगीत ऐकायला घाला. नाचायला नको. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. तुम्ही अर्धा तास नाचलात की काखेत आणि पाठीवर घाम येणार, तिथलं कापड कमजोर होणार, आणि नेमका तिथेच जोडीदाराचा हात येणार. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या धाग्याला एवढा ताण सोसत नाही. दुरुस्तीला माझ्याकडे येणाऱ्या जुन्या क्रेप ड्रेसांत सर्वांत जास्त फाटलेली जागा म्हणजे काखेच्या मागची शिवण. आणि ती शिवण उसवत नाही, शिवणीशेजारचं कापड फाटतं, म्हणजे पुन्हा टाका घालायला धड जागाही उरत नाही. अगदीच घालायचा असेल तर काखेत सुती पॅड चार सैल टाक्यांनी लावा. त्या काळातही बायका ती लावत आणि तीच काढून धुवत. ड्रेस मात्र पाण्यात घालू नका. क्रेपचा धागा खूप पीळ दिलेला असतो, पाणी लागलं की तो आवळतो आणि ड्रेस दोन मापांनी आखडू शकतो. टांगूनही ठेवू नका. कळ्यांचा स्कर्ट स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. सपाट, जुन्या धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा.

पायांबद्दल थोडंसं. चामड्याचा तळ हवा. रबर फरशीला धरून बसतं आणि गिरकीत गुडघा पिळतो. काळे-पांढरे सॅडल शूज, म्हणजे मधे वेगळ्या रंगाचा पट्टा असलेले नाडीचे बूट, आणि छोटे मोजे हे शाळा-कॉलेजच्या मुलींचं होतं. नायलॉनचे स्टॉकिंग्ज मे १९४०मध्ये अमेरिकाभर विक्रीला आले आणि लगेच युद्धात पॅराशूटकडे गेले, मग मुली उघड्या पायांवर मागच्या बाजूने पेन्सिलीने शिवणीची रेघ काढत. जाड टाचेचे वेज हवे असतील तर तेही त्याच टंचाईचं बाळ आहे. इटलीवर निर्बंध लागल्यावर चांगलं पोलाद मिळेना, म्हणून साल्वातोरे फेरागामोने तिशीच्या उत्तरार्धात टाच आणि तळ बुचाचा केला. या फेरागामोची एक बडी गिऱ्हाईक म्हणजे कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक. युरोपच्या नाचगाण्यांत वावरणाऱ्या या बाईंनी शिफॉनची साडी लोकप्रिय केली. मेळाव्यात एखाद्या संध्याकाळी साडी नेसायचा विचार असेल तर फिकट रंगाची, काठ नसलेली शिफॉन नेसा. ती त्या काळाला धरून होईल, कोणाची उसनवारी नाही.

यजमानांचा झूट सूट. हा विषय जरा जपून हाताळायला हवा. झूट सूट म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा कोट, अवाढव्य खांदे, छातीपर्यंत चढलेली पँट, गुडघ्याशी ढगळ आणि घोट्याशी आवळलेली. हार्लेमच्या काळ्या तरुणांचा आणि लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन मुलांचा, म्हणजे पाचूकोंचा, हा पोशाख. गायक-बँडलीडर कॅब कॅलोवेने तो पडद्यावर गाजवला. पण मार्च १९४२मध्ये पुरुषी सुटातल्या लोकरीवर मर्यादा आल्या आणि एवढं कापड अंगावर मिरवणं म्हणजे देशद्रोह, असं बोललं जाऊ लागलं. जून १९४३मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौदलाच्या शिपायांचे आणि सैनिकांचे जथे टॅक्सी करून रस्त्यावर उतरले. झूट सूट घातलेल्या मुलांना त्यांनी मारलं, भर चौकात कपडे उतरवून फाडले, आणि पोलिसांनी पकडलं ते बहुतेक मार खाणाऱ्यांनाच. अखेर लष्कराने आपल्या लोकांना शहरात जायची बंदी केली, तेव्हा ते थांबलं. नगरपालिकेने मात्र सूट घालण्यावर बंदी आणायचा ठराव केला. हे माहीत असून कोणी आदराने घातला तर माझी हरकत नाही. पण पार्टीवाल्या दुकानातला चकचकीत सॅटिनचा, लांब साखळीवाला झूट सूट घालून त्या मुलांचं विदूषक करू नये असं मला मनापासून वाटतं. आणि खरं सांगायचं तर नाचायलाही तो गैरसोयीचा. पुढे खेचलेला लांब कोट जोडीदारणीच्या हातात अडकतो.

त्यांना साधा चाळीसचा सूट जास्त शोभेल. त्याचा मूळ कट लंडनच्या फ्रेडरिक शोल्टे या टेलरने बसवलेला, जो प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या राजपुत्राचे, कोट शिवायचा. छातीवर आणि पाठीच्या पात्यांवर थोडं जास्तीचं कापड, कमरेत आवळ, मुंढा वर. पँट बेंबीपर्यंत चढलेली, पुढे दोन प्लीट, कमरेच्या पट्ट्याऐवजी ब्रेसेस, म्हणजे खांद्यांवरून जाणारे पट्टे. एवढ्या वर चढलेल्या पँटमधून शर्ट कितीही नाचलं तरी बाहेर येत नाही. मुंबईतल्या बँडांचे जुने फोटो मिळाले तर पाहा. १९३५मध्ये लिऑन ॲबी हा काळा अमेरिकी बँडलीडर ताजमहाल हॉटेलात आला, मागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या संगतीत आमचे गोव्याचे वादक तयार झाले: मिकी कोरिया, चिक चॉकलेट. रात्री हॉटेलात स्विंग आणि दिवसा हिंदी सिनेमाचं रेकॉर्डिंग, असा चिक चॉकलेटसारख्यांचा शिरस्ता होता. नीटस सूट, आखूड रुंद टाय, चापून बसवलेले केस: यजमानांना नमुना म्हणून एवढं पुरे.

आता पुण्याच्या टेलरचं. इथे तुमची खरी चैन आहे, कारण तिकडे एका साध्या ड्रेसच्या शिलाईत इथे अख्खा कपाटभर ऐवज होईल. पण बुटिकमध्ये जाऊ नका. चांगला साडीचा ब्लाउज शिवणारा टेलर गाठा. मुंढा वर कसा ठेवायचा, काखेत चुणी न पडता बाही कशी बसवायची, हे आपल्या ब्लाउजवाल्या मास्तरांना उपजत येतं. गाऊन आणि फ्रॉक शिवणाऱ्यांचा हात मोकळ्या मुंढ्याला बसलेला असतो. त्यांना फोटो दाखवून भागणार नाही. जुन्या ड्रेसचा छापील कागदी पॅटर्न न्या. अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांनी चाळीसच्या दशकातले कित्येक पॅटर्न पुन्हा छापलेत. अस्सल जुना पॅटर्न मिळाला तर त्यावर बहुधा छपाई नसेल, नुसती भोकं असतील; त्या भोकांचा अर्थ पाकिटावर दिलेला असतो, ते पाकीट हरवू नका. आणि जुन्या मापांच्या नंबरावर जाऊ नका, तेव्हाचा चौदा नंबर आजच्यापेक्षा बराच लहान. छाती, कंबर, नितंब इंचांत मोजा.

कापड रविवार पेठेत किंवा मुंबईला मंगळदास मार्केटात बघा. दुकानदाराने ‘मॉस क्रेप’ म्हणून जे दाखवलं ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. पडतं छान, पण नाचताना अंगावर भट्टी पेटते. धागा जाळून बघा, दुकानदारांना त्याची सवय आहे. नाचायला मी सुती कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन घेईन, फार तर जाडसर रेयॉन. साडेतीन-चार मीटर पुरतं. शिवायच्या आधी कापड रात्रभर भिजवून वाळवून घ्या, हे मास्तरांवर सोपवू नका. सांगायचं ते असं: सहा कळ्या, घेर काठाशी ऐंशी इंचांच्या आसपास, उंची गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं, डाव्या कुशीला झिप, मागे नाही, सगळ्या शिवणींत इंचभर मार्जिन, पूर्ण अस्तर नको, काखेत त्याच कापडाचा चौकोनी तुकडा, आणि त्याचे कोपरे दुहेरी शिवायचे, कारण फाटणार तर तिथूनच फाटेल. खांद्याला पातळ पॅड टिचबटणांवर, म्हणजे धुताना काढता येतात. स्कर्टच्या आत घालायला त्याच रंगाची आखूड चड्डी शिवून घ्या. हवेत फेकलं जायचा बेत असेल तर ती आधी.

यजमानांच्या पँटसाठी साठीच्या पुढचा जेंट्स टेलर शोधा. बेंबीपर्यंत चढणारी पँट म्हटल्यावर तरुण कारागीर हसतात, म्हातारे टेप काढतात. खाली बॉटम वीस इंच, दुमड पावणेदोन इंच, कमरपट्टीला ब्रेसेसची सहा बटणं. मागे कमरपट्टी मधोमध थोडी चिरून वर उंच ठेवायला सांगा, म्हणजे वाकल्यावर ती पाठ सोडत नाही. ट्रायल दोन तरी हव्यातच, आणि दुसरी ट्रायल हात वर करून, बसून, वाकून द्यायची. मास्तरांना वेळ नसला तरी द्यायची. डिसेंबरात लग्नसराई असते, टेलरांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. त्यामुळे कापड आणि मापं नोव्हेंबरात कोणा घरच्या माणसाकरवी पोचवा आणि पहिली ट्रायल उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीची ठरवून ठेवा.